तळमजल्यावरचे घर आणि असोसिएशनचा ठराव : बेळगावातील एका दिव्यांग भाडेकरूचे प्रकरण

खानापूर तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या आणि बेळगाव शहरातील एका सहकारी पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या अविवाहित महिलेने टिळकवाडीत तळमजल्यावरची सदनिका भाड्याने घ्यायचे ठरवले. अकरा महिन्यांच्या करारावर सह्या झाल्या, अनामत रक्कम बँकेतून घरमालकाच्या खात्यात जमा झाली आणि चावी मिळण्याच्या आठवड्यात व्यवहार मोडला. या लेखात त्या महिलेला अर्जदार म्हटले आहे. प्रसंग अभ्यासासाठी रचलेला असून त्यातील माणसे व इमारत काल्पनिक आहेत. त्यातील वळणे मात्र या भागात भाड्याचे घर शोधणाऱ्या दिव्यांग व्यक्तींच्या चांगल्या परिचयाची आहेत, आणि कायद्याची कलमे जशी आहेत तशीच दिली आहेत.

हकीकत

लहानपणी झालेल्या पोलिओमुळे अर्जदारांच्या दोन्ही पायांत बळ नाही. घरात त्या कुबड्यांच्या आधाराने चालतात आणि बाहेर व्हीलचेअर वापरतात. त्यांच्याकडे ७५ टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र आहे. स्वयंपाक, कपडे, बँकेची कामे हे सारे त्या स्वतः करतात. खानापूर ते बेळगाव हे अंतर जेमतेम २५ किलोमीटरचे असले तरी एसटीच्या उंच पायऱ्या चढताना रोज कोणाच्या तरी हाताची गरज पडते, आणि पावसाळ्यात हा प्रवास फार कठीण होतो. शहरात घर घेण्याचे कारण एवढेच होते.

इमारत तीनमजली, चौदा सदनिकांची आणि लिफ्ट नसलेली. मुख्य दाराला तीन पायऱ्या आहेत. घरमालकाने स्वतःहून सांगितले होते की पायऱ्यांवर तात्पुरता उतार करायला सदनिकाधारकांच्या असोसिएशनची परवानगी घ्यावी लागेल, आणि त्यात काही अडचण येईल असे त्याला वाटले नव्हते. अर्जदारांनी असोसिएशनला मराठीत एक साधा अर्ज दिला. त्यावर बैठक झाली आणि ठरावात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. सामाईक जागेत कोणताही बदल करता येणार नाही, ही पहिली. ‘ज्या व्यक्तीला दैनंदिन हालचालीसाठी मदत लागते तिला सोबतीशिवाय इमारतीत राहू देऊ नये’, ही दुसरी. सेक्रेटरींनी अर्जदारांना फोनवर सांगितले, “ताई, तुमच्याबद्दल आमच्या मनात काही नाही बघा. पण उद्या रात्री-अपरात्री काही झालं तर जबाबदार कोण?” दोन दिवसांनी घरमालकाचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला की असोसिएशनचा ठराव असल्यामुळे त्याचा नाइलाज आहे आणि अनामत परत मिळेल.

हा निरोप पुढे फार महत्त्वाचा ठरला. घर नाकारणारा माणूस सहसा कारण लिहून देत नाही. नातेवाईक येणार आहेत, रंगकाम काढले आहे, भाडे वाढवायचे आहे, अशी कारणे तोंडी दिली जातात आणि अपंगत्व हेच खरे कारण होते हे सिद्ध करणे अशक्य होऊन बसते. येथे ठराव कागदावर होता आणि घरमालकाने त्या ठरावाकडे लेखी बोट दाखवले होते. अर्जदारांनी निरोपाचे चित्र जपून ठेवले, फोनही बदलला नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार असा पुरावा न्यायालयात दाखल करताना त्यासोबत ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे जाते.

भेदभाव कशाला म्हणतात

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांविषयीचा करार २००७ मध्ये मान्य केला, त्यातील कलम १९ म्हणजे समाजात स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क. आपल्या अधिनियमाचे कलम ५ त्याच हक्काला देशी रूप देते. दिव्यांग व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि तिला एखाद्या विशिष्ट प्रकारच्या निवासव्यवस्थेतच राहण्यास भाग पाडले जाऊ नये यासाठी शासनाने प्रयत्न करावा, असे हे कलम सांगते. ‘सोबतीशिवाय राहू देऊ नये’ हा ठराव या हक्काच्या थेट विरुद्ध जातो. त्याने अर्जदारांसमोर दोनच वाटा ठेवल्या: कोणाला तरी सोबत आणून त्याचा खर्च सोसायचा, किंवा गावी परत जायचे. इमारतीतील इतर कोणत्याही एकट्या राहणाऱ्या भाडेकरूला हा प्रश्न विचारला गेला नव्हता.

सेक्रेटरींचा हेतू वाईट होता असे मानण्याचे कारण नाही. कायद्याला मात्र हेतूचा शोध घेण्याची गरज पडत नाही. अधिनियमातील भेदभावाची व्याख्या उद्देश किंवा परिणाम या दोहोंपैकी एक पुरेसा मानते. अपंगत्वाच्या आधारे केलेल्या वेगळ्या वागणुकीमुळे इतरांच्या बरोबरीने हक्क उपभोगता आला नाही, तर तो भेदभाव होतो. वाजवी सोय, म्हणजे गरजेनुसार करायचा योग्य बदल, नाकारणे हाही भेदभावच, असे त्याच व्याख्येत स्पष्ट लिहिले आहे. काळजीच्या नावाखाली दिलेला नकार न्यायालयाने यापूर्वी तपासलेला आहे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष यांना एका खासगी विमान कंपनीने २०१२ मध्ये विमानातून उतरवले होते. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये कंपनीला दहा लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली. विमान आणि सदनिका यांना लागू होणारे नियम वेगळे आहेत, तरी त्या निकालातील तत्त्व येथे उपयोगी पडते: दिव्यांग व्यक्तीला काय झेपेल याचा निर्णय तिला न विचारता परस्पर घेणे हा तिच्या प्रतिष्ठेवरचा आघात आहे.

दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ३ मध्ये एक अपवाद आहे. एखादी कृती वैध उद्दिष्ट साधण्याचे प्रमाणबद्ध साधन आहे असे दाखवता आले, तर ती भेदभाव ठरत नाही. असोसिएशनने आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा मुद्दा पुढे केला. उद्दिष्ट वैध आहे हे मान्य करावे लागेल. पण तळमजल्यावर राहणाऱ्या व्यक्तीला आगीतून बाहेर पडण्यासाठी जे सर्वात उपयोगी पडले असते तो उतारच ठरावाच्या पहिल्या भागाने नाकारला होता, त्यामुळे हा बचाव ठरावातच कोसळत होता.

उताराचा हिशेब

वाजवी सोय म्हणजे त्या विशिष्ट प्रकरणात अवास्तव किंवा अतिरिक्त बोजा न टाकता केलेला आवश्यक आणि योग्य बदल. विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही संकल्पना विस्ताराने मांडली आणि प्रत्येक व्यक्तीची गरज वेगळी पाहिली पाहिजे यावर भर दिला. म्हणून बोजा किती आणि बदल कोणता हे ठरावातल्या एका ओळीवर सोडून चालत नाही. जागेवर जाऊन मोजमाप घ्यावे लागते.

व्हीलचेअरसाठीच्या उताराला एकास बारा हे प्रमाण सर्वसाधारणपणे मान्य आहे. मुख्य दाराच्या तीन पायऱ्या प्रत्येकी १५ सेंटिमीटर धरल्या तर चढण ४५ सेंटिमीटरची होते आणि उताराची लांबी ५.४ मीटर भरते. दार आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये केवळ तीन मीटर जागा असल्याने सरळ उतार तेथे बसत नव्हता, वळण घेणारा केला असता तर येण्याजाण्याची वाट अडली असती. तात्पुरती फळी टाकण्याची घरमालकाची कल्पनाही धोक्याची होती, कारण कमी लांबीत तेवढी चढण घेणारी फळी इतकी तीव्र होते की चढताना व्हीलचेअर मागे कलंडू शकते, आणि बेळगावच्या पावसात ओल्या लाकडावर चाके घसरतात. असोसिएशनचा आक्षेप इथपर्यंत निराधार नव्हता.

मात्र मागच्या बाजूला पार्किंगमधून तळमजल्याच्या बोळात जाणारे एक दार होते आणि तेथे एकच पायरी होती. पार्किंगची फरशी रस्त्यापासून आधीच उतरत्या काँक्रीटने जोडलेली होती, कारण मोटारी तेथूनच आत येत. एका पायरीला १.८ मीटर लांबीचा उतार पुरतो. रुंदी १.२ मीटर धरली तर दोन स्कूटर उभ्या राहतील एवढीच जागा जाते. वर छत असल्याने पाऊस लागत नाही. गवंड्याने खरखरीत कोबा आणि एका बाजूला लोखंडी कठडा धरून सुमारे १५ हजार रुपयांचा अंदाज दिला, म्हणजे दर सदनिकेमागे हजाराच्या थोडे वर. हा बोजा कोणत्याही मोजमापाने अवास्तव म्हणता येत नाही. बैठकीला हजर असलेल्यांपैकी एकानेही मागच्या दाराकडे जाऊन पाहिले नव्हते, ही या प्रकरणातली मला सर्वात क्लेशदायक वाटणारी गोष्ट आहे.

कायदा कोणावर किती चालतो

येथे एक फरक नीट समजून घ्यावा लागतो, कारण तक्रारीची दिशा त्यावर ठरते. अधिनियमातील खासगी आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, सहकारी किंवा इतर सोसायटी, असोसिएशन, ट्रस्ट, संस्था असे सगळे प्रकार येतात. कर्नाटकातील सदनिकाधारकांच्या संघटना बहुधा १९७२ च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली किंवा १९६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या असतात. कोणत्याही मार्गाने पाहिले तरी असोसिएशन ही आस्थापना ठरते आणि वाजवी सोयीचा प्रश्न तिला टाळता येत नाही.

एकटा घरमालक आस्थापनेच्या व्याख्येत सहज बसत नाही. कलम ३ मधील भाषा व्यापक आहे, कोणत्याही दिव्यांग व्यक्तीशी अपंगत्वाच्या कारणाने भेदभाव केला जाणार नाही असे ती म्हणते, आणि कलम ८९ मधील दंड अधिनियमाचा भंग करणाऱ्या कोणाही व्यक्तीसाठी आहे: पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, नंतरच्या भंगासाठी पन्नास हजार ते पाच लाख. म्हणून व्यक्तिगत मालकाविरुद्धही युक्तिवाद उभा राहतो. पण खासगी मालकाने दिव्यांग भाडेकरूला घर नाकारू नये असे थेट सांगणारे, घरभाड्याला वाहिलेले कलम आपल्या कायद्यात नाही. अमेरिकेत १९६८ च्या घरविषयक समन्यायी कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन अपंगत्व हा भेदभावाचा निषिद्ध आधार झाला. भाडेकरूने स्वतःच्या खर्चाने केलेले वाजवी फेरफार घरमालकाला तेथे रोखता येत नाहीत. त्या कायद्यातही मालक स्वतः राहत असलेल्या चार घरांपर्यंतच्या इमारतींना बरीच सूट आहे. आपल्याकडे असे नेमके कलम यायला हवे असे माझे ठाम मत आहे, कारण नकार सर्वात जास्त वेळा व्यक्तिगत मालकाकडूनच मिळतो.

या प्रकरणात घरमालकाविरुद्ध आधार मिळाला तो दुसऱ्याच कायद्यातून. करारावर सही झालेली होती आणि अनामत स्वीकारलेली होती. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार भाडेकरूने मागणी केल्यावर जागेचा ताबा देणे हे मालकाचे कर्तव्य असते. अनामत परत केली की बंधन संपले, ही समजूत चुकीची होती. सही होण्यापूर्वी नकार मिळाला असता तर हा आधार उरला नसता. कर्नाटक भाडे अधिनियम, १९९९ चे संरक्षण येथे मिळत नव्हते, कारण भाडे दरमहा नऊ हजार रुपये होते आणि ३,५०० रुपयांहून जास्त भाड्याच्या जागा त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतात.

महानगरपालिकेने इमारतीला परवानगीच कशी दिली, हा प्रश्न अर्जदारांच्या भावाने वारंवार विचारला. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांना सहज वापर करता येण्याच्या, नियमांत न बसणाऱ्या बांधकाम आराखड्याला परवानगी देता येत नाही; पण ही इमारत त्याआधीची होती. शिवाय सुगम्यतेचे मानक बंधनकारक आहेत की केवळ मार्गदर्शक, यावरच घोळ होता. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय नियमांतील सुगम्यतेच्या मानकांविषयीचा नियम १५(१) अधिनियमाशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम तीन महिन्यांत करण्याचा आदेश दिला. जुन्या निवासी इमारतीतील एका भाडेकरूला या लढ्याचा तातडीने फायदा होणार नव्हता, म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवला गेला.

कोणत्या दारी जायचे

अर्जदारांच्या मनात प्रथम पोलीस तक्रार होती. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ९२ नुसार लोकांच्या दृष्टीसमोर दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान केला तर सहा महिने ते पाच वर्षे कैद होऊ शकते, आणि प्रत्येक जिल्ह्यात सत्र न्यायालयाला विशेष न्यायालय म्हणून नेमण्याची तरतूद कलम ८४ मध्ये आहे. पण येथे संभाषण फोनवर झाले होते आणि पाणउतारा करण्याचा हेतू दिसत नव्हता. हे कलम ओढूनताणून लावले असते तर बाकीच्या भक्कम मुद्द्यांचे वजन कमी झाले असते. आपसात मिटवता न येणाऱ्या गुन्ह्याची बाब लोकअदालतीच्या अधिकारात येत नाही, त्यामुळे तडजोडीची वाटही अरुंद झाली असती.

दुसरे दार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचे. कलम ८० नुसार ते हक्कभंगाची चौकशी करू शकतात, कलम ८२ नुसार साक्षीदारांना बोलावण्याचे व कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. मात्र चौकशीअंती त्यांच्या हाती मुख्यतः शिफारस असते. ज्या प्राधिकरणाला ती केली जाते त्याने कारवाई करून तीन महिन्यांत कळवायचे असते.

तिसरे दार जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचे, आणि तेच निवडले गेले. कायदा सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार दिव्यांग व्यक्तीला आणि स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. दावा दाखल होण्यापूर्वीच वाद लोकअदालतीसमोर नेता येतो. तेथे झालेल्या तडजोडीच्या निवाड्याला दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते आणि त्यावर अपील चालत नाही. शिफारशीच्या तुलनेत हे बळ फार मोठे आहे. दोन्ही बाजूंची संमती मात्र लागते, आणि असोसिएशन संमतीला तयार झाली ती प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलांनी पाठवलेल्या नोटिशीमुळे. नोटिशीत ठरावाची प्रत, घरमालकाचा निरोप, मागच्या दाराचे मोजमाप आणि गवंड्याचा अंदाज एकत्र जोडला होता. तडजोड न झाल्यास आयुक्तांकडे तक्रार आणि दिवाणी दावा दोन्ही होतील हे त्यात स्पष्ट सांगितले होते.

सीमाभागातल्या दोन अडचणी येथे नोंदवल्या पाहिजेत. एक भाषेची. कार्यालयातील नमुने कन्नडमध्ये असतात, आणि मराठीत शिकलेल्या अर्जदारांसारख्या अनेकांचे अर्ज टेबलावरच अडतात. घटनेच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाणे दूर करण्यासाठी राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. अर्जदारांनी मूळ अर्ज मराठीत दिला आणि काम लवकर व्हावे म्हणून कन्नड प्रत सोबत जोडली. हक्क म्हणून मराठी आणि सोय म्हणून कन्नड, ही पद्धत मला योग्य वाटते. भाषेच्या वादात घराचा प्रश्न हरवू देण्यात कोणाचेच हित नव्हते.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील अनेक कुटुंबांचे उपचार कोल्हापूर किंवा मिरजेला होतात आणि जुनी प्रमाणपत्रे महाराष्ट्रातली असतात. असोसिएशनच्या वकिलांनी अर्जदारांच्या कोल्हापूरच्या प्रमाणपत्रावर आक्षेप घेतला. दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम ५८ नुसार दिलेले प्रमाणपत्र संपूर्ण देशात ग्राह्य आहे, त्यामुळे आक्षेप टिकला नाही. पेन्शनसारख्या राज्य योजनांना रहिवासाची अट वेगळी लागते, तो विषय निराळा.

तडजोड

निवाड्यात असोसिएशनने सोबतीची अट पूर्णपणे मागे घेतली आणि मागच्या दाराचा उतार स्वतःच्या निधीतून बांधण्याचे मान्य केले. खर्च अर्जदारांनी करावा असा प्रस्ताव आधी आला होता, तो त्यांनी नाकारला. सामाईक जागेतील सोय करणे ही आस्थापनेची जबाबदारी आहे, ही त्यांची भूमिका कायद्याला धरून होती. सदनिकेतील स्नानगृहाचा उंबरा घरमालकाने तासून दिला. भिंतीवरचे आधाराचे दांडे अर्जदारांनी स्वतःच्या पैशांनी बसवले, कारण घर सोडताना ते त्यांना काढून नेता येतील. ताब्याला झालेल्या विलंबाबद्दल एका महिन्याचे भाडे माफ झाले.

शेवटपर्यंत ताणले गेले ते दोन मुद्द्यांवर. असोसिएशनला अर्जदार घर सोडतील तेव्हा उतार काढून टाकण्याची मुभा हवी होती. उतार ही सामाईक जागेची कायमची सोय असून तो कोणा एका भाडेकरूशी बांधलेला नाही, असे निवाड्यात लिहिले गेले. घरमालकाला अकरा महिन्यांनंतर नूतनीकरण नाकारण्याचे पूर्ण स्वातंत्र्य हवे होते. त्यावर असे कलम ठरले की नूतनीकरण नाकारायचे असेल तर मुदत संपण्यापूर्वी दोन महिने लेखी कारण द्यावे, आणि भाडेकरूचे अपंगत्व, तिचे एकटे राहणे किंवा इमारतीतील उतार यांपैकी कोणतीही बाब ते कारण असू नये.